आईचे वाचन

प्रश्न : माझी मुले आठवीत आणि पाचवीत आहेत. त्यांच्या अभ्यासापायी माझे वाचन सुटले. आपण स्वतः काय वाचता, आणि अलीकडचे काय आवडले? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : माझ्याही घरी दोन मुले आहेत, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता पाने उलटण्याची सवय मला आहे, त्यामुळे सलग दोन तास मिळतील तेव्हाच वाचू, हा हट्ट मी सोडून दिला. परभणीचे आसाराम लोमटे यांचा, २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला ‘आलोक’ हा कथासंग्रह मी असाच, एका बैठकीत एकच कथा या बेताने वाचला. आपल्या गावांतले राजकारण आणि शेतीची कोंडी त्यात गळा न काढता येते, हे मला विशेष वाटले.

२०२३ चा अकादमी पुरस्कार मिळालेली कृष्णात खोत यांची ‘रिंगण’ ही कादंबरी मात्र सावकाश वाचावी लागते. धरणामुळे उठलेली माणसे आणि मागे राहिलेली जनावरे हा तिचा विषय. गोष्ट कोल्हापूरकडची असली, तरी जायकवाडीत ज्यांच्या आजोळची गावे गेली, त्यांना ती परकी वाटणार नाही. भाषेशी जुळवून घेण्यात माझी सुरुवातीची पाने गेली, हे कबूल करते. मुलांना वाचनाचे महत्त्व सांगणारी पुस्तके मात्र मी घेत नाही. ती बहुधा पालकच विकत घेतात आणि तेही वाचत नाहीत. आपण ‘आलोक’पासून सुरुवात करावी.