तिघांनाही कासवच म्हणायचं का?

प्रश्न असा आहे : अनुवाद करताना एकाच परिच्छेदात टॉर्टॉइज, टर्टल आणि टेरापिन असे तिन्ही शब्द आले आणि शब्दकोशात तिन्हींपुढे 'कासव'. मग एकाला कासव, दुसऱ्याला कूर्म आणि तिसऱ्याला कच्छप म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. कूर्म, कच्छप, कमठ हे समानार्थी शब्द. जमीन, समुद्र, तळं अशी वाटणी त्यांच्यात नाही. समुद्रमंथनात मंदराचल पाठीवर पेलतो तो कूर्मच, आणि इंद्रियं आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला गीतेत उपमा दिली आहे तीही कूर्माचीच. हा दुसरा कूर्म समुद्री असणं मात्र शक्य नाही, कारण समुद्री कासवांना डोकं आणि पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत! तेव्हा तुम्ही मनाशी वाटणी ठरवलीत, तरी वाचकाला ती कशी कळावी?

प्राण्यांमधला फरक मात्र खरा आहे आणि तो पाहायचा पायांत. टॉर्टॉइज जमिनीवरचं. त्याचे मागचे पाय हत्तीसारखे : जाड, बोटं वेगळी न दिसणारे, टोकाला नुसती नखं. समुद्री कासवाच्या पुढच्या पायांची लांबलचक वल्ही झालेली असतात. अंडी घालायला वाळूवर आलेली मादी चालत नाही, अंग रेटत पुढे सरकते. गोड्या पाण्यातल्या कासवांची बोटं सुटी दिसतात, मध्ये पातळ पडदा आणि टोकाला नखं, म्हणजे पोहण्याचीही सोय आणि ओंडक्यावर चढून ऊन खाण्याचीही. पाठीच्या घुमटावरून ओळखायला जाऊ नका. पूर्व आफ्रिकेतलं पॅनकेक टॉर्टॉइज चक्क चपटं असतं. उलट अमेरिकेतलं बॉक्स टर्टल घुमटदार पाठीचं, बराचसा वेळ जमिनीवर काढणारं, पण कुळ तळ्यातल्या कासवांचं.

खरा घोळ इंग्रजीतच आहे. अमेरिकेत टर्टल हा शब्द सरसकट सगळ्यांना चालतो. ब्रिटनमध्ये टर्टल म्हणजे मुख्यतः समुद्री, आणि गोड्या पाण्यातलं ते टेरापिन. ऑस्ट्रेलियात जमिनीवरचं एकही मूळ कासव नाही, तरी तिथल्या नदीतल्या कासवांना लोक वर्षानुवर्षं टॉर्टॉइज म्हणत आले. टेरापिन हा तर उत्तर अमेरिकेतल्या अल्गाँक्वियन भाषांमधून आलेला शब्द. शास्त्रात त्या नावाचा गटच नाही. डोक्याच्या बाजूला तांबडा पट्टा असलेलं रेड-इअर्ड स्लायडर घ्या : प्राणी तोच, ब्रिटिश लेखक त्याला टेरापिन म्हणेल, अमेरिकन टर्टल. म्हणून अनुवादकाने आधी लेखक कुठला ते पाहावं.

एकच शब्द असणं हे काही मराठीचं दारिद्र्य नव्हे. जर्मनचंही एकाच शब्दावर भागतं (त्याचा शब्दशः अर्थ 'ढालवाला भेक'!), आणि गरज पडली की ते त्याला जमीन किंवा समुद्र जोडतात. स्पॅनिशमध्ये उलटी मजा. ज्या गालापागोस बेटांना जमिनीवरच्या महाकाय कासवांवरून नाव पडलं, त्या नावातला 'गालापागो' आज स्पेनमध्ये गोड्या पाण्यातल्या कासवाला वापरतात.

तर माझा सल्ला : जमिनीवरचं कासव, समुद्री कासव, गोड्या पाण्यातलं कासव. पहिल्या उल्लेखात पूर्ण लिहा, पुढे संदर्भ स्पष्ट असेल तर नुसतं 'कासव' पुरे. मजकूर प्राणी पाळण्याबद्दलचा असेल तर मात्र विशेषण गाळू नका. जमिनीवरचं कासव खोल पाण्यात सोडलं तर बुडून मरू शकतं. डायमंडबॅक टेरापिनसारखं जातीचं नाव आलं तर ते तसंच ठेवावं. ते मचूळ पाण्यातलं आहे, त्यामुळे 'गोड्या पाण्यातलं' लिहिलं तर उगाच चूक पदरात पडेल.

आणि एक खाचखळगा. जुन्या इंग्रजीत टर्टल म्हणजे पक्षी, आपला होला. 1611च्या इंग्रजी बायबलात वसंताच्या वर्णनात टर्टलचा आवाज ऐकू येतो. तिथे कासव लिहिलंत तर बिचाऱ्याला गायला लावाल.