ग्रुप सरकला की पसरला?

प्रश्न : माझी १४ वर्षांची मुलगी १० मीटर एअर रायफल नेमबाजी करते. महिन्यापूर्वी आम्ही तिच्या रायफलच्या बॅरलला एक्स्टेन्शन ट्यूब (बॅरलच्या टोकाला जोडायची नळी) आणि त्यावर १०० ग्रॅमचे वजन बसवून घेतले. तेव्हापासून छर्रे डावीकडे खाली लागतात आणि दहा-बारा छर्‍यांत एखादा तर थेट सात किंवा सहा गुणांच्या रिंगमध्ये जातो. रिअर साइट (डोळ्याजवळची, नेम जुळवायची मागची साइट) कितीही फिरवली तरी नेम जुळत नाही. रायफल बिघडली असेल का?
— एक पालक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या न केल्यामुळेच साइट फिरवण्याचा उपयोग होत नाही, असे मला वाटते. छर्‍यांचा पूर्ण ग्रुप, म्हणजे टार्गेटवरील भोकांचा पुंजका, एका बाजूला सरकणे ही एक गोष्ट, तर ग्रुप पसरणे किंवा त्यातून एखादा छर्रा निसटणे ही दुसरी. सरकलेला ग्रुप साइटने परत आणता येतो. पसरलेला ग्रुप साइटने कधीच आवळत नाही, उलट निसटलेल्या प्रत्येक छर्‍यामागे साइट फिरवत राहिल्याने जे ठीक होते तेही हातचे जाते. म्हणून आजपासून साइटला हात लावू नये, असे मुलीला सांगावे.

तपासणीपूर्वी रायफल पूर्ण मोकळी करणे आवश्यक आहे. हवेचा सिलिंडर काढल्यावरही रेग्युलेटरमध्ये, म्हणजे हवेचा दाब नियंत्रित करणार्‍या भागात, थोडी हवा उरते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. सिलिंडर काढावा, रायफल टार्गेटच्या दिशेने धरून छर्रा न भरता आवाज थांबेपर्यंत ती रिकामी चालवावी, मग लोडिंग लीव्हर उघडा ठेवून बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची रंगीत खूण) घालावा. हे प्रशिक्षकांच्या देखतच करावे.

डावीकडे खाली सरकण्याचे कारण बहुधा फोरसाइट, म्हणजे बॅरलच्या टोकाकडची पुढची साइट, आहे. ती आता ट्यूबवर बसली असणार. फोरसाइट ज्या बाजूला सरकते त्याच्या उलट बाजूला छर्रा लागतो, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा थोडी उंच आणि उजवीकडे कललेली असेल, तर आपण वर्णन करता तसाच ग्रुप पडेल. ट्यूब क्लॅम्पमध्ये किंचित फिरली तरी एवढे पुरते. ती सरळ करून स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कइतकेच (जोराइतकेच) आवळावेत आणि ट्यूब व बॅरल यांच्या सांध्यावर पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवावी, म्हणजे सरावानंतर ती पुन्हा फिरली का, हे लगेच दिसेल. फोरसाइट पुढे गेल्याने दोन साइटमधील अंतरही वाढले आहे. त्यामुळे रिअर साइटच्या एका क्लिकने छर्रा पूर्वीपेक्षा कमी सरकतो आणि फोरसाइटमधली रिंग डोळ्याला लहान दिसते. मुलगी 'टार्गेट नीट दिसत नाही' म्हणत असेल, तर तिचे ऐकावे व थोडी मोठी रिंग लावून पाहावी.

मला खरी काळजी आहे ती निसटणार्‍या छर्‍यांची. ट्यूब बॅरलच्या रेषेत नसेल, तर बाहेर पडणारा छर्रा तिच्या आतल्या कडेला ओझरता घासतो. शिसे मऊ असते, तेवढ्यानेही छर्रा डगमगतो. रायफल मोकळी असताना ट्यूब काढून आत टॉर्च मारून पाहावे. एका बाजूला शिशाची चकचकीत रेघ दिसली, तर निदान पक्के झाले. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर गुण आणि छर्रा लागल्याची जागा कळते, पण भोकाचा आकार कळत नाही, म्हणून यासाठी कागदी टार्गेट वापरावे. सपाट तोंडाचा छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, भोक लांबट किंवा फाटलेले असेल तर छर्रा आडवा जात आहे असे समजावे. वजनाचा स्क्रू सैल असला तरीही छर्रे विखुरतात, पण तेव्हा भोके गोलच राहतात.

त्यानंतर रायफल टेकवून, एकाच डबीतील छर्‍यांनी चार वेळा दहा-दहा छर्रे मारावेत : आधी मूळ स्थितीत, मग फक्त ट्यूब लावून, मग वजनासह, आणि शेवटी पुन्हा मूळ स्थितीत. शेवटची फेरी कंटाळवाणी वाटेल, पण पहिला चांगला ग्रुप योगायोगाचा नव्हता हे तिच्याशिवाय कळत नाही. १०च्या रिंगचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असताना अंदाजावर चालता येत नाही. मूळ स्थितीतही ग्रुप पसरला, तर दोष ट्यूबचा नाही. मग रायफल जाणकार दुरुस्तीकाराकडेच न्यावी, व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर घरी उघडू नये.

ट्यूब निर्दोष ठरली, तरी १०० ग्रॅमचा प्रश्न उरतोच. स्पर्धेत एअर रायफलचे वजन साइटसह ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही, पण १४ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तिचा खांदा आणि कंबर ही मर्यादा त्याआधीच सांगतात. टेकवून मारताना ग्रुप लहान आणि उभ्याने मारताना शेवटच्या वीस छर्‍यांत तो खाली घसरू लागला, तर वजन तूर्त काढून ठेवावे आणि ट्यूब तेवढी राहू द्यावी.