रिब टिप्स घरी केल्या की चिवट होतात. शिकागोसारख्या मऊ कशा करायच्या?

बहुतेक वेळा कारण एकच, घाई. डुकराच्या बरगड्या चौकोनी कापताना छातीकडचा जो पट्टा उरतो, त्या रिब टिप्स. त्यात सरळ हाड नसतं. कूर्चा, चरबी आणि मधे मांस. पूर्वी हा उरलेला, स्वस्त भाग. शिकागोच्या साउथ साइडला, मिसिसिपीकडून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बार्बेक्यूत त्याला मान मिळाला. तिथे काचेच्या भिंतींच्या भट्टीत, लाकडाच्या विस्तवावर तो शिजतो.

यातलं कोलॅजन, म्हणजे मांस चिवट ठेवणारं प्रथिन, वितळायला वेळ लागतो. मीठ, मिरपूड, पाप्रिका, लसूण पावडर आणि थोडी ब्राउन शुगर चोळा, पट्टा अख्खाच ठेवा. ११०–१२० अंशांवर (सेल्सियस) तीन-चार तास धूर द्या. आतलं तापमान ९३–९५ अंशांपर्यंत जाऊ द्या. ७० अंशांनाच मांस शिजलेलं असतं, पण चिवट, आणि बहुतेक जण नेमके तिथेच थांबतात. स्मोकर (धुरावर शिजवायची भट्टी) नसेल तर ओव्हनमध्ये फॉइलने घट्ट झाकून १५० अंशांवर दोनेक तास ठेवा, मग उघडून रंग येऊ द्या. धुराचा वास येणार नाही, पण मऊपणा येईल.

सॉस शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, नाहीतर साखर करपते. तुकडे नंतर करा.

वाढताना तळाशी फ्राइज, वर टिप्स, त्यावर सढळ सॉस आणि सोबत साधा पांढरा ब्रेड. काटे-चमचे बाजूला ठेवा. कूर्चा चावायची की टाकायची, हे तुमच्यावर, मी चावतो.