राजीनामा पाठवण्याआधी

प्रिय,

तुझा निरोप रात्री उशिरा वाचला. बातम्यांच्या वेबसाइटची नोकरी सोडून छापील वर्तमानपत्रात जायचं आहे, राजीनामा लिहून तयार आहे, पाठवू का, असं विचारलं आहेस. पाठव. पण छापील वर्तमानपत्रात ‘खरी’ पत्रकारिता असते म्हणून जाणार असशील, तर थोडी थांब. खोट्या बातम्या कागदावरही छापून येतात, आणि वेबसाइटवरही फार मोलाचं काम होतं. तुझं खरं कारण त्याच निरोपात पुढे आहे: दिवसाला बारा-चौदा कॉप्या, म्हणजे बातम्यांचे मजकूर, करतेस आणि वर्षभरात एकाही घटनेच्या ठिकाणी गेलेली नाहीस. वृत्तसंस्थेची कॉपी, कोणाची तरी पोस्ट, दुसऱ्याने काढलेला व्हिडिओ. हे कारण मला पुरेसं वाटतं.

1972 च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात, पाच जण पकडले गेले. वरवर पाहता घरफोडीचं प्रकरण. त्यांना कोर्टात उभं केलं तेव्हा बातमीदार बॉब वुडवर्ड तिथे बसलेला होता. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. न्यायाधीशांनी मॅककॉर्ड नावाच्या आरोपीला पूर्वीच्या नोकरीबद्दल विचारलं. त्याने दबक्या आवाजात उत्तर दिलं: सीआयए, म्हणजे अमेरिकेची गुप्तचर संस्था. ते ऐकू येण्याइतकं जवळ कोणीतरी बसलेलं असणं, आपलं निम्मं काम एवढंच असतं. तुला ती जागा हवी आहे, आणि ती बहुतेक वेळा बीटवर, म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेल्या क्षेत्रात, मिळते.

म्हणून नव्या संपादकांशी बोलताना पदाच्या नावावर खूश होऊ नकोस. बीट कोणतं, ते निदान वर्षभर माझ्याकडे राहील का, आठवड्यातले किती दिवस ऑफिसबाहेर, हे विचार. वेबसाठी रोज किती कॉप्या द्याव्या लागतील, हे तर नक्की विचार, कारण आता बहुतेक ठिकाणी छापील बातमीदारालाही आधी वेबला बातमी द्यावी लागते. उत्तर गुळमुळीत आलं तर समज, तीच खुर्ची दुसऱ्या इमारतीत मिळते आहे. पगार बहुधा कमी होईल. सहा महिन्यांची शिल्लक हाताशी ठेव. कागदाचा धंदा आकसतो आहे हेही डोळे उघडे ठेवून बघ. ब्रिटनच्या ‘इंडिपेंडंट’ने मार्च 2016 मध्ये छापील अंक बंद केला, आता तो फक्त ऑनलाइन निघतो.

आता चुकांबद्दल. हे जरा सविस्तर सांगतो.

बातमीदारीच्या तिसऱ्या वर्षी मी एका निवृत्त कामगाराची बातमी केली होती. कैक वर्षांनी कोर्टाने त्याची थकबाकी मंजूर केली होती. बातमी लागली, बायलाइन मिळाली, म्हणजे बातमीवर माझं नाव आलं, मी खुशीत. आठवड्याने फॉलो-अपसाठी त्याच्या घरी गेलो, तर त्याने कात्रण काढून दाखवलं. आडनावातलं एक अक्षर मी चुकवलं होतं. त्याने ते निळ्या पेनाने, अगदी बारीक अक्षरात, दुरुस्त केलं होतं आणि कात्रण निकालाच्या प्रतीबरोबर फाइलला लावलं होतं. मला एका शब्दाने बोलला नाही. दुसऱ्या दिवशीच्या दुरुस्तीच्या चौकटीने त्याच्या फाइलमधला कागद बदलणार नव्हता. तेव्हापासून नाव मी समोरच्यालाच माझ्या वहीत लिहायला सांगतो. वेबवर तू चूक चार मिनिटांत दुरुस्त करतेस, ती सोय उत्तमच आहे. पण त्या सोयीने हाताला लागलेली सवय मोडायला तुला वेळ लागेल. पान छपाईला सुटलं की सुटलं.

सुरुवातीला शांतता खुपेल. बातमी किती जणांनी वाचली, कुठल्या परिच्छेदावर सोडली, काही कळणार नाही. फोन येईल तो बहुधा चूक दाखवायला. शिवाय डेस्क, म्हणजे ऑफिसातले संपादन करणारे, जागेअभावी कॉपी खालून कापेल. जीव अडकलेलं वाक्य शेवटासाठी राखून ठेवू नकोस, वर आण. माहिती देणारे स्रोत थंड पडलेले असतील. काही काम नसतानाही त्यांना भेट. बातमी मागायलाच येणाऱ्या माणसाला कोणी काही सांगत नाही.

ऑनलाइनमध्ये शिकलीस ते मात्र टाकू नकोस. स्प्रेडशीट लावणं, जुनी कागदपत्रं शोधून काढणं, व्हिडिओ खरा की खोटा ते तपासणं: छापील वर्तमानपत्रातल्या कित्येक जुन्या बातमीदारांना हे जमत नाही. त्यांना शिकव, आणि त्यांच्याकडून माणसं ओळखायला शीक. निघण्यापूर्वी तुझ्या बायलाइनच्या बातम्या पीडीएफ करून ठेव, लिंका मरतात.

दोन नोकऱ्यांच्या मध्ये आठ-दहा दिवस मिळाले तर घरी बसू नकोस. जे बीट मिळणार आहे, त्यातलं एखादं कोर्ट, एखादी जाहीर सुनावणी गाठ. वही घेऊन मागच्या बाकावर बस. अजून कोणालाच कॉपी द्यायची नसेल. कोण कोणाशी दाराजवळ थांबून बोलतं, कोणता कारकून सगळ्यांना तारखा सांगतो, तेवढं बघून ठेव.

तुझा,
जुना सहकारी