मुलाच्या युनियनपेक्षा तुमची एचआर साहेबांशी झालेली भेट मला जास्त खटकली

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. बारावी सायन्सला ६१ टक्के, मग सातपूरच्या आयटीआयमधून फिटर. अ‍ॅप्रेंटिसशिप करून गेल्या वर्षी अंबडच्या एका कंपनीत पर्मनंट झाला. आता युनियनवाल्यांनी त्याला डिपार्टमेंटचा प्रतिनिधी केलंय. शिफ्ट सुटली तरी घरी येत नाही. परवा कुणा ठेकेदारी पोराचं बोट प्रेस मशीनमध्ये गेलं, तर हा चार तास कामगार विमा रुग्णालयात त्याच्या कागदांसाठी बसून होता. रविवारी श्रमिकनगरमध्ये लोकांचे मतदार नोंदणीचे फॉर्म भरत फिरतो. मी स्वतः १९८९ ते २००७ एका कंपनीत होतो. संप झाला, कंपनी बंद पडली. ग्रॅच्युइटीसुद्धा चार वर्षांनी, युनियनच्या केसमधून मिळाली. मुलाचं तसं होऊ नये म्हणून त्याला न सांगता मी त्याच्या कंपनीच्या एचआर साहेबांना भेटलो आणि त्याला यातून बाहेर काढा म्हणालो. त्याला एमपीएससीच्या क्लासला घालायचंय, फी ५५ हजार आहे. युनियनमध्ये नाव लागलं की सरकारी नोकरीत अडचण येते असं ऐकलंय. कोणती परीक्षा योग्य राहील?
– एक वडील, सिडको, नाशिक

उत्तर : भाऊ, नमस्कार.

परीक्षेचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी थांबले. ‘त्याला न सांगता एचआर साहेबांना भेटलो.’ हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे.

तुम्ही मुलाच्या शाळेत जाऊन बाईंना भेटला नाहीत. २४ वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या माणसाच्या कामाच्या ठिकाणी गेलात आणि तो ज्यांच्यासमोर कामगारांची बाजू मांडायला उभा राहणार आहे, त्याच माणसाला त्याच्या घरातली फूट दाखवून आलात. उद्या वेतनकराराच्या बैठकीत हा मुलगा एखाद्या मुद्द्यावर ठाम राहिला आणि समोरून कुणी म्हणालं, ‘अरे, तुझ्या वडिलांनाच हे पसंत नाही,’ तर त्याने काय उत्तर द्यायचं? ज्या पोरांनी त्याला निवडलं त्यांना तो काय सांगेल? युनियनचं काम केलं म्हणून एखाद्याची बदली करणं, त्याला त्रास देणं किंवा कामावरून काढणं ही अनुचित कामगार प्रथा ठरते. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यानेच ती बेकायदेशीर ठरवली. म्हणजे जे कंपनीनेही करायचं नाही असं कायदा सांगतो, ते करा म्हणून तुम्ही विनंती करून आलात. हेतू प्रेमाचा होता, यात मला शंका नाही. तरीही ही चूक आहे, आणि मोठी आहे.

म्हणून पहिलं काम हे की आज संध्याकाळी त्याला सांगून टाका. त्याला ते दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चालेल. आणि पुन्हा कंपनीत जाऊ नका. ‘तो गैरसमज होता’ हे सांगायलासुद्धा नको. काय सांगायचं ते तोच ठरवेल.

तुमची भीती मला कळते. १८ वर्षांची नोकरी एका संपात गेलेली तुम्ही पाहिली आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेली घरं नाशिक-खानदेशात कमी नाहीत. संप फसतो तेव्हा त्याची किंमत पुढाऱ्याआधी कामगाराची बायको आणि पोरं मोजतात. हे सगळं खरं आहे. पण तुम्हीच लिहिलेलं एक वाक्य पुन्हा वाचा. ग्रॅच्युइटी ‘युनियनच्या केसमधून’ मिळाली. ग्रॅच्युइटी हा कायद्याचा हक्क आहे. प्रत्येक वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचं वेतन, आणि ते देय झाल्यापासून ३० दिवसांत हातात पडलं पाहिजे. तुम्हाला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत कुणीतरी तारखांना हजर राहत होतं, हजेरीपुस्तकाच्या झेरॉक्स गोळा करत होतं, वकिलाला माहिती देत होतं. तुमच्या वेळी ज्याने ते केलं, त्याचेही वडील असतील आणि तेही त्याला ‘घरी ये’ म्हणत असतील.

आता ते रुग्णालयातले चार तास. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलेत. तो तिथे काय करत होता ते मी सांगते, कारण तुमच्या मुलाच्या करिअरचं उत्तर मला त्या चार तासांत दिसतं. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो त्यात, साध्या आजारपणाला वेतनाच्या ७० टक्के मिळतात आणि तेही ठराविक दिवस, वर्षाला ९१ पर्यंत. कामावर अपघात झाला तर ९० टक्के मिळतात, माणूस कामावर परत जाण्याइतका बरा होईपर्यंत. त्यासाठी आधी किती महिने वर्गणी भरली हेही बघत नाहीत, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क असतो. बोट कायमचं गेलं असेल तर मेडिकल बोर्डापुढे जाऊन आयुष्यभराचा लाभ मिळण्याची सोय आहे. पण हे सगळं कधी? ठेकेदाराने अपघाताचा अहवाल वेळेत दिला तर. त्याने ‘घरी लागलं म्हण, खर्च मी करतो’ असं सांगून पोराला गप्प केलं, की प्रकरण आजारपणात जमा होतं आणि त्या पोराचा हक्क तिथेच बुडतो. तुमच्या मुलाला हा फरक माहीत होता म्हणून तो तिथे बसला. त्या पोराला तो माहीत असण्याची शक्यता फार कमी.

युनियन म्हणजे ‘देणारी’ संस्था असा समज सभासदांमध्येही आहे, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं. पीएफ, ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटी हे युनियन देत नाही, कायदा देतो. सभासद नसलेल्यालाही ते मिळतं. बोनसचे किमान ८.३३ टक्के कायद्यात आहेत, त्यावर काय मिळतं ते करारावर ठरतं. कायद्याने दिलेलं प्रत्यक्ष हातात पडतंय का, हे बघायला मात्र कुणीतरी लागतं. पगाराच्या स्लिपवर जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची छोटी कपात दिसते. ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते आणि तिच्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, वाचनालयं, शिवणवर्ग, नाट्यस्पर्धा चालतात. तुमच्या १८ वर्षांत ती कपात तुमच्याही पगारातून झाली असणार. मुलाच्या शाळेच्या दिवसांत त्या शिष्यवृत्तीचा अर्ज तुम्ही कधी भरला होता का? बहुतेकांनी भरलेला नसतो, कारण त्यांना सांगणारं कुणी नसतं.

रविवारच्या मतदार नोंदणीचा तुम्हाला राग आहे, त्यावरही थोडं बोलते. कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे काही वर्षं सभा आणि अर्ज करत होते. गिरणी कामगारांची संघटना उभी करणारा हा माणूस ‘दीनबंधू’सारखं वर्तमानपत्रही चालवत होता. कामगाराचं गाऱ्हाणं गिरणीच्या फाटकाशी संपत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आजही तेच आहे. श्रमिकनगर, अंबड, चुंचाळे इथे राहणारी कितीतरी माणसं धुळे, जळगाव, बीड, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली आहेत. मत गावाकडे आणि राहणं इथे. म्हणून सेकंड शिफ्टवरून रात्री परतताना रस्त्यावर दिवे नाहीत, शिफ्टच्या वेळेला सिटीलिंकची बस नाही, नळाला पाणी नेमकं पहिल्या शिफ्टच्या वेळी येतं, अशा गोष्टींसाठी महापालिकेच्या सातपूर किंवा सिडको विभागीय कार्यालयात गेलं तर यांच्या बोलण्याला वजन राहत नाही. तुमचा मुलगा नवीन नावासाठी ६ नंबरचा आणि पत्ता बदलण्यासाठी ८ नंबरचा फॉर्म भरून देतो. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी रोजंदारीवाल्यालाही आहे, हे ठेकेदाराला ठणकावून सांगायलाही असाच कुणीतरी लागतो. अशाच कामासाठी कामगार कल्याण मंडळ ‘गुणवंत कामगार’ पुरस्कार देतं. तुम्ही याला वेळ घालवणं म्हणता. मी नाही म्हणत.

आता तुमचा सरकारी नोकरीबद्दलचा गैरसमज. युनियनचा सभासद होणं हा गुन्हा नाही. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. सरकारी नोकरीआधी जी पोलीस पडताळणी होते ती गुन्हे, अटक, खटले यांची असते. वर्गणीची पावती कुणी विचारत नाही. जपायचं ते वेगळ्या गोष्टीसाठी. गेटवर दगडफेक, कुणाला अडवणं, मारहाण यात नाव आलं आणि गुन्हा दाखल झाला, तर तो पुढे अडथळा ठरतो, मग माणूस युनियनचा असो वा नसो. आणि भाऊ, ज्या सरकारी नोकरीत युनियनपासून सुटका होईल असं तुम्हाला वाटतं, तिथल्या तलाठ्यांच्या, ग्रामसेवकांच्या, शिक्षकांच्या, नर्सेसच्या संघटना किती जुन्या आहेत ते एकदा विचारा. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्याचे सरकारी कर्मचारी संपावर गेले होते. नाशिकरोडच्या नोटप्रेसलाही मजदूर संघ आहे. पोलीस दलात मात्र युनियन करायला कायद्याने बंधन आहे.

परीक्षांचं एका ओळीत. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, तुमच्या मुलाकडे ती नाही, आणि पदवीआधी ५५ हजारांचा क्लास म्हणजे पैसे पाण्यात. रेल्वे टेक्निशियन, महावितरण, सरळसेवा हे आयटीआयवाल्याचे नेहमीचे मार्ग त्याला माहीत आहेत, त्याची इच्छा असेल तर तो फॉर्म भरेल.

माझं मत विचाराल तर त्याने नोकरी सोडू नये, प्रतिनिधीपण सोडू नये आणि पदवी घ्यावी. गंगापूर धरणाकडे जाताना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठीच ते सोयीचं आहे. पदवी झाली की दोन वाटा मला दिसतात. एक, सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एलएलबी. फक्त शिफ्ट सांभाळून कॉलेजची हजेरी कशी भरायची, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावं. दुसरी, परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेतलं श्रमविषयक शिक्षण. यातून तो युनियनचा पूर्णवेळ कार्यकर्ता, कामगार न्यायालयातला वकील किंवा कामगार कल्याण अधिकारी काहीही होऊ शकतो. फिटरच्या हाताला कायद्याची जोड मिळालेली माणसं फार थोडी असतात, आणि त्यांची गरज दोन्ही बाजूंना असते.

मुलासाठीही काही लिहिते, त्याला वाचायला द्या. बाळा, पावतीशिवाय कुणाकडून एक रुपयाही घेऊ नकोस. युनियनचा वर्षाचा हिशेब मागून वाच, तो बघण्याचा हक्क सभासदाला आहे. राजकीय निवडणुकीसाठी युनियन वर्गणी मागत असेल तर तो फंड वेगळा ठेवावा लागतो. तो देणं सक्तीचं नाही आणि न देणाऱ्याला सभासदत्वात कमी लेखता येत नाही. ही तरतूद १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून आहे आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मतदार नोंदणी सगळ्यांची कर, पण मत कुणाला द्यायचं हे फॉर्म भरताना बोलू नकोस. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेली ही संहिता मन लावून वाच. संपाआधी १४ दिवसांची नोटीस सगळ्याच कारखान्यांना लागू झाली आहे आणि निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप धरला जातो. तुझ्या वडिलांच्या वेळचे नियम आता राहिलेले नाहीत. जुने कार्यकर्ते सवयीने ‘उद्या मशीन बंद’ म्हणतील, तेव्हा बैठकीत हा नियम दाखवणारा तू हवास. १०० किंवा जास्त कामगार असतील तिथे मालक आणि कामगार दोघांची कार्यसमिती असते आणि २० किंवा जास्त असतील तिथे तक्रार निवारण समिती. भांडणाआधी तिथे लेखी दे, पोच घे, फाईल ठेव. ठेकेदारी पोरं तुमच्या युनियनची सभासद नसतील, तरी त्यांचे अपघात आणि त्यांचा पीएफ डोळ्याआड करू नकोस. पर्मनंट माणसांच्या बऱ्याच युनियन इथेच कमी पडतात, आणि हे मला मनापासून टोचतं.

आणि वडिलांशी भांडू नकोस. त्यांनी कंपनीत जाऊन चूक केली, पण १८ वर्षांत त्यांनी जे पाहिलं ते तुला कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. २००७ चा संप कुठे चुकला, कधी माघार घ्यायला हवी होती, कुणी खरं सांगितलं आणि कुणी लपवलं, हे त्यांना विचार आणि लिहून ठेव.

भाऊ, क्लासची फी भरली नसेल तर भरू नका. त्यातल्या थोड्या पैशांत मुक्त विद्यापीठाची फी भागेल. प्रवेशाचा अर्ज भरायला तो जाईल तेव्हा आयटीआयचं आणि बारावीचं मूळ प्रमाणपत्र त्याच्याजवळ असू द्या. पुढच्या वेळी काही विचारायचं असेल तर पत्र त्याला लिहू द्या.