भंगारातून गो-कार्ट: काय जुने चालेल, काय नवेच घ्यावे?

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि सुट्टीत आम्हा दोघांना गो-कार्ट, म्हणजे जमिनीलगतची छोटी चारचाकी गाडी, बनवायची आहे. पंचवीस हजारांपलीकडे खर्च झेपणार नाही. ओळखीच्या भंगारवाल्याकडे जुन्या अ‍ॅक्टिव्हाचे चालू इंजिन आहे आणि घरी बंद पडलेल्या यंत्रमागाचे शाफ्ट पडून आहेत. त्यांचा मागच्या अ‍ॅक्सलसाठी (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्यासाठी) उपयोग होईल का? चाके कोणती लावावीत? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : इंजिन जुने घेण्यात कोणताही कमीपणा नाही. 1956 साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली गो-कार्ट बनवली, तीसुद्धा गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन लावून. जुने इंजिन बिघडले तर गाडी जागच्या जागी थांबते आणि त्यात कोणाला इजा होत नाही. स्टिअरिंगचा सांधा, ब्रेकची नळी किंवा मागचा अ‍ॅक्सल तुटला, तर मात्र गाडी चालवणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून बचत इंजिन, आसन, पेट्रोलची टाकी आणि चाके यांत करावी आणि वाचलेले पैसे स्टिअरिंग, ब्रेक आणि अ‍ॅक्सल या तीन ठिकाणी घालावेत.

अ‍ॅक्टिव्हाचे इंजिन आपल्या कामासाठी उत्तम आहे. त्याला गिअर बदलावे लागत नाहीत आणि हवा मारणारा पंखा इंजिनातच असल्यामुळे गाडी हळू चालत असतानाही ते थंड राहते. मात्र या पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण अडगळ समजून बरेच जण काढून टाकतात. ती हवा सिलिंडरपर्यंत नेण्याचे काम तेच आवरण करते आणि ते काढल्यास इंजिन तापून जाम होते, म्हणून ते अखंड आहे ना हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

इंजिनासोबत स्कूटरचे मागचे चाकही मागून घ्यावे. चाकाच्या मध्यभागी आतून दाते असलेला जो भाग शाफ्टवर बसतो, तो लेथवर कापून घेऊन त्यावर मोटारसायकलचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) बसवता येते आणि नवे दाते पाडून घेण्याचा मोठा खर्च वाचतो. स्कूटरवर हे इंजिन चाकासह वरखाली हलते, परंतु कार्टवर तसे हलू दिले तर चेन कधी सैल, कधी ताठ होऊन उतरेल. त्यासाठी पुढचा बुश आणि मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा बोल्ट, या दोन्ही जागी ते चौकटीला पक्के बांधावे.

चाकांसाठी मी ऑटोरिक्षाची 4.00-8 मापाची चाके सुचवेन. स्कूटर वळताना झुकते, त्यामुळे तिच्या चाकावर आडवा जोर फारसा येत नाही आणि टायरही गोलाकार असतो. कार्ट झुकत नाही आणि तिचा सारा आडवा जोर चाक व बेअरिंगवर येतो. रिक्षासुद्धा न झुकता वळते, म्हणून तिची चाके हा जोर सहन करण्यासाठीच बनवलेली असतात. ही रिम दोन अर्ध्या भागांची असते. ते भाग एकमेकांना जोडणारे नट सोडण्यापूर्वी टायरमधील हवा संपूर्ण काढावी, नाहीतर दाबाखालील अर्धी रिम उडून थेट तोंडावर येते.

या चाकाचा व्यास अ‍ॅक्टिव्हाच्या चाकापेक्षा किंचितच कमी आहे. इंजिनाकडे 18 दात्यांचे आणि अ‍ॅक्सलवर 27 दात्यांचे स्प्रॉकेट लावले, तर ताशी 80 किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या स्कूटरचे इंजिन कार्टला ताशी 50 पर्यंत नेईल आणि ओढ दीडपट होईल. पंधरा वर्षांच्या मुलासाठी हा वेगही पुष्कळ आहे, म्हणून पहिले काही आठवडे अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली अडसर लावून तो निम्म्यावर ठेवावा.

आता यंत्रमागाच्या शाफ्टविषयी. ते वापरू नयेत. ते कोणत्या पोलादाचे आहेत हे आपल्याला सांगता येणार नाही, वर्षानुवर्षे फिरून ते बेअरिंगच्या जागी झिजलेले असतात आणि त्यांत चावीसाठी (पुली शाफ्टवर पक्की धरणाऱ्या पोलादी पट्टीसाठी) पाडलेल्या जुन्या खाचा असतात. वारंवार वळणाऱ्या, धक्के खाणाऱ्या अ‍ॅक्सलला तडा नेमका अशा खाचेच्या कोपऱ्यातून जातो. त्याऐवजी ईएन-8 पोलादाचा 30 मिलिमीटरचा नवा ब्राइट बार घ्यावा आणि त्यावर यूसीपी 206 क्रमांकाची नवी ब्लॉक बेअरिंगे बसवावीत.

या अ‍ॅक्सलची एक अडचण आपल्याला पहिल्याच वळणावर जाणवेल. मोटारीत असतो तसा डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) येथे नाही, त्यामुळे मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात, पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. परिणामी स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. खऱ्या कार्टमध्ये किंगपिनचे (पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते तिचे) वरचे टोक मागे झुकवलेले असते. त्यामुळे स्टिअरिंग फिरवताच आतल्या बाजूचे पुढचे चाक खाली दाबले जाते, चौकट किंचित पिळली जाते, आतले मागचे चाक जमिनीवरून सुटते आणि गाडी वळते. आपण किंगपिन सुमारे 12 अंश मागे झुकवावी. तसेच तिच्यापासून मागे निघणाऱ्या स्टिअरिंगच्या दोन्ही आर्मच्या रेषा आणखी मागे वाढवल्यास मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याजवळ मिळाव्यात. जमिनीवर खडूने पूर्ण आकाराचा आराखडा काढून दोरी ताणून पाहिल्यास हे तपासता येते. टाय रॉडचे (स्टिअरिंग आणि पुढची चाके जोडणाऱ्या दांड्यांचे) सांधे नवे घ्यावेत, बोल्ट 8.8 प्रतीचे आणि नट नायलॉकचे (आपोआप सैल न होणारे) असावेत.

मागचे एक चाक अ‍ॅक्सलवर मोकळे फिरू देण्याचा सोपा उपाय काही जण सुचवतील. त्याने गाडी सहज वळते, पण अ‍ॅक्सलवरचा ब्रेक मग एकाच चाकाला लागतो आणि जोरात ब्रेक दाबताच गाडी आडवी होते. मोकळ्या चाकाला स्वतंत्र ब्रेक लावणार नसाल, तर हा मार्ग घेऊ नये.

इंजिन घेताना भंगारवाल्याकडून इंजिन क्रमांकासह पावती अवश्य घ्यावी. आणि ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर, अगदी गल्लीतही, नेऊ नये. नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणणे 1988 च्या मोटार वाहन कायद्याला धरून नाही आणि चालवणारा अल्पवयीन असल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. कुंपण असलेले आवार मालकाच्या परवानगीने मिळवावे.

प्रश्न : घराच्या दुरुस्तीत निघालेले पाण्याचे जीआय पाइप चौकटीसाठी वापरावेत का? पेट्रोलच्या जुन्या टाकीला नवा नळ वेल्ड करता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा पांढरा धूर होतो आणि तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. शिवाय पाण्याचा पाइप आतून किती गंजला आहे हे बाहेरून कळत नाही. दोन मिलिमीटर जाडीचा नवा काळा ईआरडब्ल्यू पाइप फार महाग पडत नाही. चौकट मजबूत व्हावी म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तिरके आधार देण्याचा मोह होतो, पण कार्टला स्प्रिंग नसतात आणि खड्ड्याचा धक्का चौकटीनेच थोडे लवून सोसायचा असतो, म्हणून तिरके आधार इंजिनाच्या आणि स्टिअरिंगच्या जागीच द्यावेत.

पेट्रोलच्या जुन्या टाकीला वेल्डिंगची ज्योत कधीही लावू नये. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ पेट्रोलपेक्षाही धोकादायक असून तिचा स्फोट होतो. स्कूटरची टाकी तिच्या मूळ नळासह तशीच वापरावी, तिचा तळ कार्ब्युरेटरपेक्षा उंच राहील अशी बसवावी आणि पेट्रोलची रबरी नळी नवी घालावी.

प्रश्न : सायकलचे रबरी ब्रेक लावले तर चालतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. चालवणाऱ्यासह कार्टचे वजन दीडशे किलोच्या घरात जाते आणि ते रबर काही फेऱ्यांतच तापून निकामी होईल. अ‍ॅक्सलवर मोटारसायकलची डिस्क लावावी. डिस्क, कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) आणि मास्टर सिलिंडर (पेडलने ब्रेक ऑइल दाबणारा भाग) जुने चालतील, पण त्यांतील रबरी सील, पॅड, नळी आणि ब्रेक ऑइल नवेच असावे. पेडल पूर्ण दाबून एक मिनिट धरून ठेवावे, आणि ते हळूहळू खाली जात असेल तर गळती सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये.