अरेका पामची टोके का करपतात?

प्रश्न : पावसाळ्यात नर्सरीतून अरेका पामची दोन लहान रोपे आणून दिवाणखान्यात खिडकीजवळ ठेवली. दिवाळीनंतर बहुतेक पानांची टोके तपकिरी होऊन वाळू लागली आहेत. पानांवर ठिपके मात्र नाहीत. पाणी कमी पडत असावे म्हणून रोज पाणी घालतो आणि त्यासाठी आरओ यंत्रातून बाहेर सोडले जाणारे पाणी वापरतो. महिन्यातून दोनदा खतही देतो. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमला आहे. कोणते औषध फवारावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कृपया औषध फवारू नका. आपण दिलेल्या वर्णनात बुरशीचे किंवा किडीचे एकही लक्षण नाही, आणि खरे कारण आपल्याच पत्रात आहे. काठावरचा पांढरा थर हा क्षारांचा आहे. आरओ यंत्र पिण्याच्या पाण्यातून जे क्षार वेगळे काढते, ते सगळे त्या बाहेर सोडलेल्या पाण्यात एकवटतात, म्हणजे नळाच्या पाण्यापेक्षाही ते अधिक क्षारयुक्त असते. मुळांनी ओढलेले पाणी पानातून वाफ होऊन निघून जाते, क्षार मात्र पानाच्या टोकाशी साचत राहतात आणि तेथील पेशी मरतात. वारंवार दिलेल्या खताने त्यात भरच पडते. ते पाणी फरशी पुसायला खुशाल वापरा, कुंडीत घालू नका.

दुसरी शंका रोजच्या पाण्याविषयी आहे. आपल्याकडे नर्सरीतली रोपे बहुधा चिकट लाल मातीच्या गोळ्यात वाढवलेली असतात आणि घरी आणल्यावर त्या गोळ्याभोवती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरले जाते. वरचा थर कोरडा दिसतो, आतला गोळा मात्र चिंब असतो आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून एकदा रोप कुंडीतून अलगद काढून मुळे पाहा. निरोगी मूळ फिकट रंगाचे आणि टणक असते. कुजलेले मूळ काळपट व मऊ पडते, बोटांनी ओढल्यास त्याची साल सुटून आत नुसता दोरा उरतो आणि मातीला कुबट वास येतो. अशी मुळे कापून, माती, कोकोपीट आणि जाडसर वाळू यांच्या मिश्रणात रोप पुन्हा लावावे. एका पिशवीत अनेक रोपे एकत्र वाढलेली असतात. ती सुटी करण्याचा मोह टाळा, कारण त्यात मुळे तुटतात.

मुळे चांगली असतील, तर कुंडीत जेवढी माती आहे त्याच्या तीन-चार पट साधे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा आणि ताटलीत साचलेले पाणी लगेच फेकून द्या. यापुढे बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यातही क्षार जवळजवळ नसतात. हिवाळाभर खत बंद ठेवा. रोप एसीच्या थेट झोतात असल्यास हलवा, कारण कोरड्या हवेनेही टोके वाळतात.

अन्य वाचकांसाठी सांगतो, कोणते पान आणि त्याचा कोणता भाग बिघडला आहे, हे आधी पाहावे. फक्त खालच्या, जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी, उजेडात धरल्यास पारदर्शक भासणारे ठिपके असतील, तर पालाश (पोटॅशियम हे पोषक द्रव्य) कमी पडले आहे. पानांच्या खालच्या बाजूस बारीक जाळी आणि वर फिकट टिपके दिसले, तर ती कोळी कीड. पाने खालून पाण्याने धुवावीत. खिडकीकडील पानांवरच वाळकट चट्टे असतील, तर ते उन्हाने भाजल्याचे लक्षण आहे. मधला कोवळा कोंब तपकिरी होऊन ओढताच हातात आला, तर ते खोड वाचत नाही.

प्रश्न : करपलेली पाने कापावीत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : केवळ वाळलेले टोक कात्रीने कापा आणि हिरव्या भागाला धक्का न लावता तपकिरी कडेची बारीक रेघ तशीच ठेवा, हिरव्यात कापले तर नवी कड पुन्हा वाळते. अर्धे हिरवे पान मुळीच काढू नका, कारण पालाश कमी पडल्यास पाम ते जुन्या पानांतून ओढून नव्या पानाला पुरवतो. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. उपाय लागू पडला की नाही, ते पुढे उमलणाऱ्या पानांवरूनच ठरवावे.